बंद दारामागचं हसू

दारामागून नवऱ्याचं हसू पुन्हा फुटलं आणि बाल्कनीत बायकोच्या हातातला चिमटा निसटून पडला.

"काय एवढं गुलुगुलु चालतं, देव जाणे!" ती वाळत घातलेल्या चादरीला म्हणाली.

नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. पक्षाघाताचा झटका येऊन गेला आणि हसू-रडू त्याच्या ताब्यात राहिलं नाही. डॉक्टरांनी तसं बजावलं होतं. तरी तिच्या सख्ख्या भावाच्या मयताच्या वेळी तो चारचौघांत खदाखदा हसला, तेव्हा तिचा तोल गेला. "मान खाली घालायला लावलीत! पुन्हा माझ्यासमोर हसू नका."

त्यानंतर तो तिच्यासमोर हसला नाही. ती खोलीत शिरली की जबडा घट्ट, नजर भिंतीकडे. व्यायाम करून घेणारी तरतरीत पोरगी आली, दार लोटलं, की मात्र हशा!

"आत असतं तरी काय?" तिनं एकदा विचारलं होतं.

"व्यायाम, काकू. तुम्ही बाहेरच थांबा. काकांना अवघड होतं."

उभा जन्म जिच्याबरोबर काढला तिचं अवघड, आणि कालच्या पोरीचं नाही!

त्यात हल्ली नेमक्या त्याच वेळी तिच्या घरातल्या चपला गायब व्हायच्या. पट्टा ढिला झालेल्या, चालताना फटक फटक वाजणाऱ्या. पूर्वी तो त्यांची चेष्टा करायचा, "सगळी घड्याळं बंद पडू देत, चहाची वेळ तुझ्या चपला सांगतात."

आता तीच फटफट बंद दारामागून ऐकू यायची. त्या भलतीच्याच पायात. आज चपलांत पाय घातला, उद्या संसारात घालेल. उद्यापासून येऊ नकोस, एवढंच सांगायचं आणि विषय संपवायचा.

ती अनवाणीच दाराशी गेली. आत फटक फटक वाजलं, पाठोपाठ त्याचं हसू. तिनं दार ढकलायला हात उचलला.

"काका, पुन्हा फुटलात!" पोरगी म्हणत होती. "नुसत्या चपला वाजल्या तरी एवढा आनंद? मग काकू समोर आल्यावर कसं आवरणार? सांगून टाका ना त्यांना."

"नको." शब्द जुळवायला त्याला वेळ लागला. "ति... तिला... चालत नाही."

"बरं. श्वास हळू सोडा. पुन्हा करू. काकू आल्या हं."

आणि दारापलीकडे तिच्याच चपला फटक फटक वाजू लागल्या.