चित्र पडद्यात बसवा

पंच्याहत्तर सालचा कॅप्टन गिरक्या घेत पडद्यावर आला, एकदा उलटा झाला, सुलटा झाला आणि मधोमध थबकला.

"जिवंतपणी इतका चपळ कधी नव्हता तो," भिंतीशी बसलेला म्हातारा मिक म्हणाला.

मर्ल हॉकिंगला हसू आलं नाही. एकतीस वर्षं ती गावच्या फुटबॉल क्लबची सेक्रेटरी, आणि आज तीन वाजता त्याच क्लबला कुलूप लावायचं की नाही, यावर हात वर व्हायचे होते. या ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये मैदानात उतरायला अठरा गडी लागतात. या मोसमात तेरा नावं आली होती, त्यातही एकाचा गुडघा कामातून गेलेला. निदान निरोप तरी धड व्हावा म्हणून तिने दर वर्षीचा संघाचा फोटो लॅपटॉपवर चढवला होता. पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. आधी फोटो कोपऱ्याऐवजी बाजूने ओढला, तर अख्खा संघ बेडकासारखा बसका झाला. मग लांबी-रुंदीचं प्रमाण पक्कं करणारी खूण सापडली, तर आता ही गिरकी.

तिने गिरकी काढून टाकली आणि त्याजागी 'हळूहळू जवळ' निवडलं. फोटो शहाण्यासारखे पुढे सरकू लागले.

"थांब पोरी," एकाहत्तर वर्षांच्या मर्लला मिक म्हणाला. "अठ्ठ्याऐंशीचा परत लाव. जॉइस कुठे गेली?"

जॉइस म्हणजे मिकची बायको. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती. मिकचं म्हणणं, ती रांगेच्या पार टोकाला उभी होती, संत्र्याच्या फोडींचं ताट घेऊन. फोटोवाल्याने तिला बाजूला हो म्हटलं होतं आणि ती काही झाली नव्हती. मर्लने मूळ फोटो उघडून पाहिला. होती की! क्लबचा पडदा जुना, जवळजवळ चौकोनी, आणि फोटो सगळे आडवे. मर्लने सुरुवातीलाच 'पडदा चित्राने भरा' यावर बोट ठेवलं होतं. सॉफ्टवेअरने सांगितलं ते केलं, पडदा भरला आणि प्रत्येक फोटोच्या दोन्ही कडा छाटल्या. उरलंसुरलं त्या 'हळूहळू जवळ'ने बाहेर ढकललं.

मर्लला मनापासून लाज वाटली. एकतीस फोटोंत ती स्वतःही गुणांची वही घेऊन कडेलाच उभी होती, आणि स्वतःला छाटलेलं तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

तिने 'चित्र पडद्यात बसवा' निवडलं. 'जवळ'चं 'दूर' केलं. सगळ्या स्लाइडना तेच लावून टाकलं. तेवढ्यात अध्यक्ष लिंडसे नॉस्के आत आला आणि वर-खाली काळ्या पट्ट्या बघून कुरकुरला, मयताच्या कार्डासारखं दिसतंय म्हणाला. दिसू दे, मर्ल म्हणाली.

तीन वाजता चाळीसेक माणसं जमली. कुणीतरी खिडक्यांचे पडदे ओढले. पहिला फोटो मधल्या चार चेहऱ्यांवर सुरू झाला आणि सावकाश मागे सरत गेला. अठ्ठ्याऐंशी सालाला मिक पुढे वाकला.

"ही काय," तो म्हणाला. "संत्र्यांसकट."

अठ्ठ्याण्णव सालापासून डाव्या कडेला पाण्याच्या बाटल्या घेतलेली एक काटकुळी पोर दिसायला लागली. ब्रॉनविन टीग. आज तीच ब्रॉन गव्हाचा ट्रक चालवते आणि आत्ता ती मागे स्वयंपाकघरात सॉसेज रोल गरम करत होती. फोटोगणिक तिची उंची वाढत गेली. बाटल्या गेल्या, हातात पंचाची निशाणं आली, मग घोट्याला बांधायच्या चिकटपट्ट्या आल्या. तिच्या शेजारी एकेक करून बाकीच्या येत गेल्या: पबवाल्याच्या दोघी मुली, दवाखान्यातली नर्स, शाळेची नवी बाई. लिंडसेची मुलगी कर्स्टी यातल्या प्रत्येक फोटोत होती, आणि प्रत्येक फोटोत तिच्या काखेत चेंडू होता. मधल्या गड्यांच्या तीन रांगांच्या दोन झाल्या, दोनांची एक झाली. शेवटच्या फोटोत मधे तेरा होते आणि कडेला त्याहून जास्त.

दिवे लागले.

लिंडसेच्या हातात ठरावाचा कागद होता. माणूस हेकट आहे, पण खोटा नाही. त्याने सगळ्यांसमोर सांगून टाकलं की मार्चमध्ये लीगचं पत्र आलं होतं. बायकांचा संघ उतरवला तरी क्लब टिकतो, आणि त्यांना सोळाच पुरतात. आपल्याकडे एवढ्या बायका नाहीत, असं त्यानेच त्याच दिवशी कळवलं होतं, कुणालाही न विचारता. हे सांगताना त्याला कर्स्टीकडे बघवेना.

मग तो स्वयंपाकघराच्या खिडकीकडे वळला.

"ब्रॉन, धरूनबांधून सोळा भरतील का गं?"

ब्रॉनने ओव्हनचं दार लावलं, हात पुसले. मोजायला ती जराही थांबली नाही.

"एकवीस," ती म्हणाली. "दोघींचे दिवस भरत आलेत, त्या धरल्या नाहीत."