भरतीचं वेळापत्रक

“चार देश, तीन हजार आठशे किलोमीटर आणि मधे एक समुद्र. माणसाने आयुष्यात एकदा तरी असा पल्ला मारावा,” असं घड्याळकाकांनी जाहीर केलं, आणि मोजे सापडेनात म्हणून बायकोला हाक मारली.

काका आपले बोलायला बोलून गेले होते. बस डेपोत बसून बत्तीस वर्षं त्यांनी गाड्यांची वेळापत्रकं आखली. त्यांतल्या एकाही गाडीत ते शेवटच्या थांब्यापर्यंत बसले नव्हते. पण त्या दिवशी चहाला मेहुणी आली होती, आणि मेहुणीसमोर काढलेला शब्द हवेत विरत नाही.

“मग आखाच, भाऊजी,” ती म्हणाली. “गाडी माझी. बोटीत गाडीसकट चढता येतं म्हणे.”

बायकोने मोजे आणून दिले. “आखा की. तुमच्याइतकं नीट कोण आखणार?”

खरं तर काकांना बोट लागायची. लग्नाच्या वर्षी बागेतल्या तळ्यात, पायडल मारायच्या होडीत, चार मिनिटांत त्यांनी होडी काठाला घ्यायला लावली होती. दोष दिला होता सकाळच्या नासक्या दुधाला. इतकी वर्षं झाकून ठेवलेली ती गोष्ट आता मेहुणीसमोर कोण उघडी करणार? तेव्हा नाही म्हणायचं नाही. बेत असा आखायचा की बायकांनीच हात जोडावेत.

पहिल्या कागदावर पहाटे साडेचारला निघून अकरा तास सलग गाडी. जेवण डब्यातलं, चालत्या गाडीत. बंदरावर चार तास ताटकळणं. वर सात तासांची बोट.

“चालेल,” बायको म्हणाली.

काका चक्रावले. नातलगाच्या लग्नाला जाताना तीनदा गाडी थांबवायला लावणारी ती हीच बाई. त्यांनी दोन मुक्काम छाटले. मेहुणी म्हणाली, “वा, दिवस वाचला.” त्यांनी बोटीतली केबिन काढून खुर्च्या धरल्या. खालच्या मजल्यावर दवाखाना असलेली दातांची डॉक्टर हल्ली रोज संध्याकाळी कागद बघायला येऊन बसायची. तिने फक्त एवढंच विचारलं, “काका, खुर्ची मागे रेलते ना?”

ती गेल्यावर काका म्हणाले, “हिला काय करायच्यात नसत्या चौकशा?”

“असू दे हो, हौस आहे तिला,” बायको म्हणाली, आणि त्यांना कुकर लावायला शिकवू लागली. पाणी किती, शिट्ट्या किती. दुसऱ्या दिवशी कपडे धुण्याचं मशीन. काकांना काही उमगेना. शेवटी त्यांनीच स्वतःची समजूत घातली की परदेशात आपलं आपल्यालाच करावं लागत असणार.

घोळ झाला तो बोटीच्या वेळा उतरवताना. मंगळवारी सहा दहा, बुधवारी सात, गुरुवारी आठला आठ कमी. काकांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. डेपोत कुणी असला गबाळेपणा केला असता तर त्याच्या हातात मेमो पडला असता. मग तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं दिसलं. बंदर उथळ होतं. बोट भरती आली की सुटे, आणि भरती रोज पन्नासएक मिनिटांनी पुढे सरके.

काका कागदाकडे बघत बसले. चहा निवला. वेळापत्रकं डेपोत होतात अशी त्यांची बत्तीस वर्षांची समजूत होती. हे वेळापत्रक चंद्र आखत होता, आणि त्याच्याविरुद्ध एकही तक्रार नोंदलेली नव्हती.

त्या दिवसापासून काकांना बेताने झपाटलं. मुक्काम परत आले, केबिन परत आली, निघायची वेळ सातावर आली. खरोखरच त्या बोटीच्या कठड्याशी उभं राहून, हातात घड्याळ धरून, पाणी सांगितल्या मिनिटाला बोट उचलतं का ते त्यांना बघायचं होतं. इतकं काही हवंसं वाटून त्यांना जमाना झाला होता. बुधवारच्या बोटीत शेवटच्या तीन जागा उरल्या होत्या. त्या त्यांनी तडकाफडकी धरल्या.

“नावं मी भरते, तुम्ही वेळा बघा,” बायको म्हणाली. कामाची ही वाटणी काकांना पटली.

बोटीचं पोटाशी असलेलं वैर मिटवायला ते रोज बागेत जाऊन झोपाळ्यावर वीस मिनिटं झोके घेत. मागे पोरांची रांग लागे.

“आजोबा, उतरा ना.”

“अजून सहा मिनिटं आहेत.”

तिसऱ्या आठवड्यात ते झोपाळ्यावरून उतरून सरळ रेषेत चालू लागले. घरी मात्र चकार शब्द काढला नाही. बोटीवर सगळ्यांना आपला ताठ कणाच दिसायला हवा.

निघायच्या दिवशी बायको आधीच खाली उतरली होती. काकांनी पासपोर्ट शर्टाच्या खिशात घातला, पोटाच्या गोळ्या पँटच्या, आणि सातला दोन मिनिटं कमी असताना बॅग घेऊन ते फाटकाशी आले. गाडी सुरू होती. मेहुणी स्टीअरिंगवर, शेजारी बायको, आणि मागे मानेभोवती उशी अडकवून दातांची डॉक्टर.

“तुम्हाला वाटेत कुठे सोडायचंय?” काकांनी तिला विचारलं.

मेहुणीने गाडी बंद केली.

“अहो,” बायको म्हणाली, “ही बॅग कशाला?” मग तिची नजर त्यांच्या खिशातल्या पासपोर्टवर गेली आणि आवाज एकदम खाली आला. “मला वाटलं, तुमचं नेहमीसारखं नुसतं आखणं. तुम्हाला तर बोट लागते. त्या दिवशीचं दूध चांगलं होतं हो, मीही प्यायले होते. म्हणून तर तुम्हाला चला म्हणून पेचात टाकलं नाही.”

काकांनी घड्याळ पाहिलं. सात वाजून तीन मिनिटं.

“उशीर होतोय,” ते म्हणाले. “भरती थांबायची नाही. निघा.”

डॉक्टरने काच खाली करून त्यांच्या हातात एक किल्ली ठेवली.

“काका, दवाखान्यातल्या माशांना रोज सकाळी चिमूटभरच खाणं टाका हं. जास्त झालं की पाणी गढूळ होतं.”