लोळोबा

कुणाचा धक्काही न लागता तो गोलसमोर कोसळला, गडाबडा लोळला आणि फुकटची पेनल्टी पदरात पाडून घेतली. पण कुणीतरी मोबाइलवरचा व्हिडिओ आयोजकांना दाखवला आणि बिंग फुटलं. या स्पर्धेची शिक्षा ठरलेली होती: दुखापतीचं सोंग करणाऱ्याने उरलेल्या सामन्यांत खेळायचं नाही, जखमींचं स्ट्रेचर उचलायचं. लोक त्याला 'लोळोबा' म्हणू लागले.

पुढच्या एका सामन्यात, त्याने फसवलेला गोलकीपरच कोसळला. "नाटक! नाटक!" प्रेक्षक ओरडले. पंचही "ऊठ, ऊठ" म्हणाले. लोळोबाला मात्र सोंग आतून ठाऊक होतं. सोंग घेणारा बोटांच्या फटीतून पंचांकडे बघतो. हा कुणाकडेच बघत नव्हता. शिट्टीची वाट न बघता जोडीदाराला ओढत तो स्ट्रेचर घेऊन धावला.

"वेळेवर आणलंत, वाचला," डॉक्टर म्हणाले.

गोलकीपरचे वडील लोळोबाचा हात सोडेनात. मग खालच्या आवाजात म्हणाले, "बाळा, तो व्हिडिओ मीच दाखवला होता."

"फार बरं केलंत, काका," त्याने त्यांचा हात घट्ट धरला. "नाहीतर आज मीही गर्दीत बसून 'नाटक, नाटक' ओरडलो असतो."