मागची जागा

अनंतरावांचा विसरण्याचा आजार वाढला, तसं डॉक्टरांनी यमुताईंना बजावलं, रोज त्यांच्या समोर बसा, आपलं नाव सांगत राहा. त्या रोज सकाळी गवई नवऱ्याच्या पुढ्यात बसत. "अहो, मले ओळखलं नाही काय? मी यमू."

अनंतराव परक्यासारखे दाराकडे बघत. "बाई, आमची यमू कुठं दिसली काय तुम्हाले?"

आज लग्नाचा फोटो दाखवून झाला, हात जोडून झाले. शेवटी हरून ताईंनी कोपऱ्यातला तानपुरा उचलला आणि जन्मभर प्रत्येक मैफलीत बसल्या तशा त्यांच्या पाठीमागे जाऊन बसल्या. तारा छेडल्या.

अनंतरावांची वाकलेली पाठ ताठ झाली. मागे वळून न बघताच ते म्हणाले, "आली का वं यमू? केव्हाची वाट पाहून राहिलो मी."

ताईंना रडू फुटलं. तानपुरा भिंतीला टेकवून त्या धावत समोर आल्या आणि त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

ते दचकून मागे सरकले. दबक्या आवाजात म्हणाले, "हात नका लावू, बाई. मागं माझी बायको बसून आहे."