तोफेचं तोंड

"डाव्या अंगाची पट्ट्यावरची दुसरी ढाल फाटलेली हुती," भाऊसो म्हणाले. "काढा ती."

जयराज सरांनी पकड उचलली. सकाळपासून भाऊसोंची ही चौथी खेप. लूना लावायची, दोन गोष्टी सांगायच्या, निघून जायचं आणि तासाभरात परत यायचं. आता उन्हं उतरायला लागली होती.

सर आष्ट्याच्या हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. वर्षभर ते एक रणगाडा घडवत होते, खऱ्याच्या सोळाव्या हिश्श्याचा. अंग सागवानाचं, वर पत्रा, पट्ट्यांना सायकलच्या चेनच्या कड्या. एकाहत्तरच्या लढाईत गावचा अर्जुना ज्या रणगाड्यात जळून गेला, तोच हा. अर्जुना तोफेवर होता आणि भाऊसो ड्रायव्हर. चौघांतले ते एकटेच वाचले. त्यामुळं आठवायचं काम त्यांच्याकडं होतं, आणि ते त्यांनी चोख केलं होतं. मासिकातल्या फोटोवरून सरांनी पाच चाकं केली, तर तो फोटो भलत्याच रणगाड्याचा निघाला. भाऊसोंनी सहा करायला लावली. मागं लटकणारी चहाची किटलीसुद्धा उजवीकडं हलवली. सरांच्या बायकोचं म्हणणं होतं की, एवढ्या दिवसांत खरा रणगाडा आला असता.

उद्या अर्जुनाची पंचविसावी पुण्यतिथी. देवळापुढं कीर्तन व्हायचं आणि मग राहीबाईंच्या, म्हणजे अर्जुनाच्या बायकोच्या हातून रणगाडा काचेच्या पेटीत जायचा. बुवा दरसाल उत्तररंगात अर्जुनाचीच कथा लावायचे. अंगाला आग लागली तरी गड्यानं तोफेचं तोंड शत्रूवरून हलवलं नाही, असं म्हणून ते टाळकऱ्यांकडं बघायचे आणि मंडप गहिवरायचा. ही हकिकत भाऊसोंनीच गावाला सांगितली होती. पण कथा तिथवर आली की ते मंडपातून उठून जायचे. मित्राची आठवण सहन होत नसेल, असं लोक समजायचे.

राहीबाई बघायला आल्या. डोईवरचा पदर सावरून त्यांनी रणगाड्याला एक फेरा घातला. हात मात्र लावला नाही. बेस झालाय म्हणाल्या आणि भिंतीकडंच्या बाकावर बसल्या.

आता एकच काम उरलं होतं. तोफ सरळ पुढं धरून तिचा वरचा फिरता बुरूज पक्का करायचा. सरांनी स्क्रू लावला.

"थांबा सर." भाऊसो उभे राहिले, बसले, परत उभे राहिले. "तोंड पुढं न्हवतं. फिरवा. उजवीकडं, पार मागं."

सर गोंधळले. एवढी वर्षं गाव ऐकत आलंय, त्याचं काय, असं त्यांनी हळू आवाजात विचारलं. उद्या लोक बघतील आणि अर्जुनानं शत्रूला पाठ दाखवली म्हणतील.

भाऊसोंनी राहीबाईंकडं पाहिलं नाही. रणगाड्याच्या पुढच्या झाकणावर त्यांनी बोट ठेवलं. ड्रायव्हर इथून बाहेर येतो, ते सांगू लागले. पहिल्याच गोळ्यात वरच्या तिघांतले दोघे गेले, अर्जुना उरला. मागं इंजिन पेटलं. तोफेची नळी खाली वाकलेली, नेमकी झाकणावर आडवी आलेली. झाकण चार बोटं उघडायचं आणि अडायचं.

"म्या आतनं वरडत हुतो," भाऊसो म्हणाले. "त्येला वरनं उडी टाकायला येत हुती. वाट मोकळी हुती त्येची. पर त्यो चक्रीवर बसला. बुरूज हातानं फिरवायची चक्री, लय जड. नळी सरली तसा मी भाईर पडलो आन् पळालो. मागं वळून बघितलं न्हाई. वळलो तवा समदं पेटलं हुतं."

भाऊसोंचं बोट अजून झाकणावरच होतं.

"गावात आलो तर समदी इचारायला लागली, तू कसा वाचलास. मला ते सांगवना. म्हणून ते तोंड न हलवल्याचं रचलं. वैनी, तुमचा धनी माझ्यापायी गेला."

सरांनी दोन बोटांनी बुरूज फिरवला. कड्या बारीक वाजल्या. पुढचं झाकण मोकळं झालं.

राहीबाई उठल्या आणि जवळ येऊन उभ्या राहिल्या. तोफ फिरलेली सापडली हे आपल्याला पहिल्यापासून ठाऊक होतं, असं त्या म्हणाल्या. अस्थी घेऊन आलेल्या जवानाच्या तोंडून ते निघून गेलं होतं. त्यांनी ते सासूला सांगितलं नाही, पोटच्या पोरालाही नाही.

मग त्यांनी पहिल्यांदा रणगाड्याला हात लावला.

"मला वाटलं, त्यो भ्याला, आन् तुमी त्येची लाज झाकताय," त्या म्हणाल्या. "पंचवीस वर्सं मी तुमचं उपकार मानत आले, भावजी."