पहिला ग्लास

घानातल्या परदेशी बिअरच्या कारखान्यात वृंदा निगुडकर प्रॉडक्शन मॅनेजर म्हणून रुजू झाली आणि पहिल्याच दिवशी तिनं म्हाताऱ्या क्वाबेनाला हटकलं. नव्या बॅचचा पहिला ग्लास तो जमिनीवर ओतत होता.
"पूर्वजांचा वाटा आहे, मॅडम."
"इथे हे चालणार नाही."

त्यानंतर रोज सकाळी एक सीलबंद बाटली रिकामी सापडू लागली. संशय क्वाबेनावरच गेला. वृंदानं त्याला कामावरून काढायचं पत्रही तयार केलं.

सही करताना टेबलावरच्या बाटलीकडे तिचं लक्ष गेलं. झाकण जागचं हललं नव्हतं, पण आतली बिअर घोटाघोटानं उतरत होती.

पत्र फाडून तिनं क्वाबेनाला बोलावलं. ग्लास भरून स्वतःच फरशीवर ओतला, बाबा ताटाबाहेर चित्राहुती घालायचे तसा, हळूच. बिअर पसरली नाही. सिमेंटनं ती जागच्या जागी पिऊन टाकली.

"आले का सगळे?" तिनं विचारलं.

क्वाबेना तिच्या खांद्यामागे बघत होता. "आमचे तिघे आलेत. चौथे परके आहेत. भाषा कळत नाही, पण सारखे 'चिमे, चिमे' म्हणतायत."

त्या नावानं हाक मारणारे बाबा जाऊन बारा वर्षं झाली होती.