चाळीस प्याले

पाळकसाहेबांनी प्रभुभोजनाची प्रार्थना संपवून डोळे उघडले, तेव्हा समोरच्या ताटात चाळीस प्याले मनुकांच्या रसाने काठोकाठ भरलेले होते आणि बाकांवर तीन माणसं होती.

कौशल्याबाईंनी मान वर केली नाही. मनुका त्यांनीच भिजवल्या, उकळल्या, गाळल्या. बोटभर उंचीचे ते प्याले भरलेही त्यांनीच. चर्चचा वर्धापनदिन म्हणून गाव सोडून गेलेल्या एकेका घराला त्यांनी फोन केला होता. एकजात सगळ्यांनी येतो म्हणून सांगितलं. फोनवर येतो म्हणायला कुणाच्या बापाचं काय जातं?

अमरावतीच्या चर्च-कमिटीचा निरोप साफ होता. वर्धापनदिनालाही पंचवीस माणसं जमली नाहीत, तर चर्च बंद. उरलेल्यांनी उपासनेला अमरावतीला यावं. याच चर्चमध्ये कौशल्याबाईंचा बाप्तिस्मा झाला, लग्न लागलं, नवऱ्याची पेटी निघाली तीही याच दारातून. ह्या वयात अमरावतीची एसटी धरून देवाकडे जायचं म्हणजे न जाण्यासारखंच होतं.

तिघांनी आणि साहेबांनी एकेक प्याला घेतला. नत्थुजींना धाप लागली, तशा बेबीताई नवऱ्याला हाताला धरून घरी घेऊन गेल्या. ताट तसंच राहिलं. पवित्र केलेला रस ओतायचा नाही, पिऊन संपवायचा, आणि तो संपल्याशिवाय साहेबांनी शेवटचा आशीर्वाद म्हणायचा नाही, ही इथली जुनी रीत.

"बाई, बाहेर कडुलिंबाच्या मुळाशी ओतून देऊ," साहेब म्हणाले. "देव समजून घेईल."

"ज्यायचे हायेत त्यायच्या नावानं मलेच प्या लागन," कौशल्याबाई म्हणाल्या आणि त्यांनी ताट मांडीवर घेतलं.

"हा धामणगावच्या ज्योत्स्नाचा. हा गजेंद्रचा. चारदा म्हनला येतो."

एकामागून एक त्या पीत राहिल्या. पंधराव्याला मात्र हात थांबला.

"हा आमच्या अंकुरचा."

पोटच्या पोराने पुण्याहून तिकीट काढल्याचंसुद्धा सांगितलं होतं. बाईंनी पदर तोंडावर दाबला आणि तो घोट कसाबसा गिळला. त्यांना फार एकटं वाटलं, नवरा गेला त्या दिवशीपेक्षाही.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "बाई, मले अजून दोन गावं करायची हायेत." त्यांनी पिशवीतून नवंकोरं कुलूप काढलं आणि बाकावर ठेवलं. म्हणजे साहेब घरूनच तयारीनिशी आले होते.

कौशल्याबाईंनी कुलपाकडे पाहिलं, मग साहेबांकडे. पुढचा प्याला उचलून त्यांनी नुसते ओठ ओले केले आणि तो तसाच भरलेला परत ठेवला.

"बसा साहेब," त्या म्हणाल्या. "उपासना संपली नाई अजून. एकवीस राह्यले."